फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि कमकुवत इनॅमल

झिजू लागलेल्या इनॅमलमध्ये खनिजे परत भरण्याच्या प्रक्रियेला फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट मदत करते. इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कवच, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यातले सुमारे ९६ टक्के खनिज असते, मुख्यतः हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज. जिवंत पेशी मात्र त्यात नसतात. मोडलेले हाड सांधते; इनॅमलचा टवका उडाला की गेला तो गेलाच.

गोड किंवा पिठूळ खाल्ले की दातांवरच्या चिकट थरातले जंतू आम्ल तयार करतात. तिथला पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली उतरला की कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून निघू लागते. लाळ आम्लाचा जोर कमी करते आणि हीच खनिजे परतही पुरवते. भरपाईपेक्षा गळती वाढली की, बहुधा हिरडीलगत, खडूसारखा निस्तेज पांढरा डाग पडतो. ओल्या दातावर तो चटकन लक्षात येत नाही, दात कोरडा केला की उठून दिसतो.

फ्लोराइडचा खरा उपयोग या टप्प्यावर होतो. लाळेत त्याचा अंश जरी टिकला, तरी खनिजे झिजलेल्या स्फटिकांवर लवकर बसतात. हा नवा थर फ्लोरअ‍ॅपेटाइटच्या, म्हणजे फ्लोराइड असलेल्या खनिजाच्या, जवळचा असतो आणि साधारण ४.५ पीएचपर्यंत तग धरतो. डाग वाढायचा थांबतो, कधी त्यावर पुन्हा चकाकी येते. खड्डा पडल्यावर मात्र पेस्टचा इलाज चालत नाही, तो डेंटिस्टकडूनच भरून घ्यावा लागतो. ‘इनॅमल पुन्हा घडवते’ हा जाहिरातींचा दावा म्हणूनच निम्माच खरा.

इंदूरकर मराठी माणसाची सकाळ पोहे-जलेबीने होते, पण दातांना जास्त धोका रात्रीचा. सराफा बाजारातली सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की तिथेच खाऊगल्ली भरते. रबडी-मालपुवा खाऊन तसेच अंथरुणावर पडले की पंचाईत, कारण झोपेत लाळ फारच कमी सुटते. रात्रीचे ब्रशिंग चुकवू नये ते यासाठी. हिवाळ्यात लिंबू पिळलेल्या गराडूने (तळलेल्या कंदाने) दात आंबतात, ते आम्ल थेट इनॅमलवर येते. अशा झिजेपुढे फ्लोराइडचे बळ तोकडे पडते.

भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १००० भाग) जास्त चालत नाही आणि प्रमाण ट्यूबवर छापावे लागते. घासून झाल्यावर फेस थुंकावा. खळखळून चूळ भरली की फ्लोराइड वाहून जाते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, पुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी. जुन्या घरांतली राखुंडी दात घासते खरी, पण तिची भरड कणी इनॅमल खरवडते.

इंदूरजवळच्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. दात जबड्यात घडत असताना असे पाणी पोटात गेले की फ्लुओरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे होणारे, डाग पडतात. ते बहुधा दोन्ही बाजूंच्या सारख्याच दातांवर दिसतात, आणि टूथपेस्टने जात नाहीत.