गाव बचत-कर्ज गट (आफ्रिका)

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत खेड्यातले पंधरा ते पंचवीस जण, त्यातही बहुतेक बायका, स्वतःची बचत एकत्र करतात आणि तीच आपसांत कर्जाऊ देतात. या पद्धतीला गाव बचत-कर्ज गट म्हणतात. केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने १९९१ मध्ये नायजरच्या माराडी भागात ती घडवली. त्या कामात नॉर्वेच्या मोइरा एक्नेस यांचा पुढाकार होता. तिथल्या हौसा भाषक स्त्रियांच्या या गटांना ‘माता मासू दुबारा’ असे नाव होते.

संस्थेचे काम म्हटले की विहीर, शाळा, बियाणे किंवा निदान सुरुवातीचे भांडवल तरी डोळ्यांसमोर येते. इथे संस्था गटाच्या निधीत स्वतःचा पैसा घालत नाही, आणि पद्धतीचा सगळा कणा या एका नियमात आहे. बाहेरून आलेले पैसे बुडवायला माणूस फारसा कचरत नाही. शेजारणीचे बुडवले तर रोज पाणवठ्यावर गाठ पडते. आपसांत वर्गणी काढून आळीपाळीने रक्कम उचलण्याची चाल, म्हणजे आपल्याकडची भिशी, आफ्रिकेत आधीपासून होतीच. पश्चिम आफ्रिकेत तिला ‘तोंतीन’ म्हणतात. केअरने त्या चालीत कर्जव्यवहार आणि काटेकोर हिशेबाची रीत घातली.

गटाची तिजोरी म्हणजे तीन कुलपांची लोखंडी पेटी. किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे असतात आणि त्या तिघी कार्यकारिणीबाहेरच्या असाव्या लागतात. पेटी सांभाळणारीकडे एकही किल्ली नसते. पेटी उघडते ती फक्त बैठकीत, सर्वांसमोर. प्रत्येकीला क्रमांक असतो. त्या क्रमाने नाव पुकारले की तिने पैसे द्यायचे, मोजणाऱ्या दोघींनी ते मोठ्याने मोजायचे. बचत ‘शेअर’च्या मापात, म्हणजे ठरावीक रकमेच्या हिश्श्यांत होते. शेअरची किंमत वर्षारंभी गटच ठरवतो आणि एका बैठकीत एक ते पाच शेअर घेता येतात. जितके शेअर तितके शिक्के पासबुकात उमटतात, त्यामुळे लिहिता-वाचता न येणारीलाही आपली बचत मोजता येते. माराडीच्या सुरुवातीच्या गटांत तर वहीच नव्हती. सगळा हिशेब सभासदांच्या तोंडी असे. आजही अनेक गटांत बैठक संपताना शिल्लक रक्कम जाहीर करतात आणि पुढच्या बैठकीत पेटी उघडण्याआधी ती सभासदांना विचारतात. उशिरा येणारीला दंड होतो.

कर्ज साधारणपणे स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत आणि काही महिन्यांच्या मुदतीने मिळते. व्याज बहुधा महिना पाच ते दहा टक्के असते. ऐकायला ही सावकारीच वाटते, पण व्याज पेटीतच जमा होते आणि वर्षाअखेर शेअरांच्या प्रमाणात सभासदांना परत मिळते. आजारपण किंवा मयतीसाठी वेगळा मदतनिधी असतो. त्याची वर्गणी सर्वांना सारखी. नऊ ते बारा महिन्यांनी पेटी पूर्ण रिकामी करून वाटप होते. ते सहसा पेरणीच्या, शाळेच्या फीच्या किंवा सणाच्या तोंडावर येईल असे बेतलेले असते. मग ज्यांना हवे ते पुन्हा नव्याने सुरू करतात, ज्यांना नको ते बाहेर पडतात.

भारतातील बचत गटांशी तुलना केली तर फरक इथेच दिसतो. नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये सुरू केलेल्या बचत गट-बँक जोडणी योजनेत गटाची बचत ही बँककर्जाकडे जाणारी पायरी होती, आणि महाराष्ट्रातले गट याच वाटेने वाढले. माराडीच्या पद्धतीत दरवर्षी हिशेब मिटतो. त्यामुळे भांडवल फार वाढत नाही, पण जुनी भांडणे आणि थकबाकीही वर्षानुवर्षे साचत नाहीत.

संस्थेचा कार्यकर्ता साधारण एक वर्ष गटासोबत राहतो. भेटी हळूहळू कमी करत तो बाजूला होतो. नंतरचे गट गावातलेच प्रशिक्षित लोक फी घेऊन उभे करतात. प्लॅन, ऑक्सफॅम, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या संस्थांनीही थोड्याफार फरकाने हीच रीत उचलली.

परिणामांबद्दल संस्थांच्या प्रचारपत्रकांपेक्षा सावध बोलावे लागते. घाना, मलावी आणि युगांडात झालेल्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरगुती धंदा आणि घरातले स्त्रीचे स्थान यांत सुधारणा दिसली. कुटुंबाच्या सरासरी उपभोगखर्चात वाढ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. शिवाय दर आठवड्याला एक शेअरही ज्यांना परवडत नाही, ते सर्वांत गरीब लोक गटाबाहेरच राहण्याचा धोका असतो. वाटपाच्या आधीच्या दिवसांत पेटी सर्वांत जड असते, आणि चोरीची भीतीही तेव्हाच जास्त. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय रुळलेल्या भागांत काही गट जादा रक्कम फोनच्या खात्यात ठेवू लागले आहेत. मात्र पेटीतली रोकड सगळ्यांना दिसते, तशी ती रक्कम दिसत नाही.