वली पर्वत

(घडीचे पर्वत). स्तरित खडकांवर आडवा दाब येऊन त्यांना घड्या पडल्याने तयार झालेले पर्वत. हिमालय, आल्प्स व झॅग्रॉस हे तुलनेने तरुण, तर ॲपालॅचिअन, उरल व अरवली हे झिजलेले प्राचीन वली पर्वत होत. सह्याद्री या प्रकारात मोडत नाही. त्याचे बेसाल्टचे थर बव्हंशी आडवेच आहेत.

घडीच्या वर उचललेल्या भागास अपनती आणि खाली वाकलेल्या भागास अभिनती म्हणतात. अपनतीचा माथा ताणाने तडकून लवकर झिजतो. त्यामुळे जुन्या रांगांत अपनतीच्या जागी दरी व अभिनतीवर शिखर असेही आढळते. दाब वाढत गेल्यास घडी कलंडते, तुटते व जुने खडक नव्यांवर चढतात. हिमालयात साध्या घड्यांपेक्षा अशा सरकलेल्या खडकांचा वाटा अधिक आहे.

जेम्स हॉल (१८५९) व जे. डी. डेना (१८७३) या अमेरिकन भूवैज्ञानिकांच्या लेखनातून भूद्रोणीची (गाळ साचत खचत जाणाऱ्या लांबट खोलगट भागाची) कल्पना पुढे आली. गाळाची प्रचंड जाडी तिने समजते, आडव्या दाबाचे कारण मात्र भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या विशाल तुकड्यांच्या) हालचालीनेच नीट उलगडते. हिमालयाचे खडक भारत व आशिया यांमधील, आता मिटलेल्या टेथिस समुद्राच्या तळाशी साचले होते, याची खूण देवघरातील शाळिग्रामातही दिसते. नेपाळमधील काली गंडकी नदीतल्या त्या काळ्या गोट्यातील चक्र हा अमोनाइट या सागरी प्राण्याच्या कवचाचा ठसा होय.

भारतीय व यूरेशियन भूपट्टांची टक्कर सुमारे ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भारत आधी ज्वालामुखी बेटांच्या मालिकेवर आदळला व आशियाशी त्याची गाठ सुमारे ३.५ कोटी वर्षांपूर्वी पडली, असेही एक मत आहे. ‘टक्कर’ म्हणजे पहिला स्पर्श की समुद्र पूर्ण मिटणे, यावरही कालनिर्णय अवलंबून राहतो. तथापि भारतीय भूपट्टाचा वेग सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी झपाट्याने मंदावला, ही बाब पहिल्या मताला अधिक अनुकूल आहे.

अपनतीच्या माथ्याशी, अभेद्य थराखाली, खनिज तेल साचते. इराणमधील मस्जिद सुलेमान येथे १९०८ मध्ये झॅग्रॉसच्या अशाच घडीत तेल लागले. देहरादूनचे सुपीक खोरे अभिनतीत वसले आहे. गद्दी मेंढपाळ हिवाळ्यात शिवालिकच्या पायथ्याशी उतरतात व उन्हाळ्यात लाहूलकडे चढतात. बांधकामाला मात्र चुरडलेला खडक जाचक ठरतो. रोहतांगखालच्या अटल बोगद्याचे (२०२०) काम सेरी नाल्याच्या प्रस्तरभंगाशी (खडक तुटून सरकल्याच्या भेगेशी) पाणी घुसल्याने दीर्घकाळ रखडले होते.