थोरियमच्या दुधाला न्यूट्रॉनचं विरजण

केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरची वाळू काळपट असते. तो काळेपणा इल्मेनाइट नावाच्या खनिजाचा. पण मूठभर वाळू तळहातावर पसरून नीट पाहिली, तर मधाच्या रंगाचे काही कण सापडू शकतात. ते मोनाझाइट. त्यात ८-१० टक्के थोरियम ऑक्साइड असतं. भारताकडे युरेनियम बेताचंच, थोरियम मात्र भरपूर.

अडचण अशी, की थोरियम अणुभट्टीत नुसतं घातलं तर पेटत नाही. दूध जसं आपोआप विरजत नाही, तसंच हे. विरजण म्हणजे बाहेरून आणलेले न्यूट्रॉन, आणि ते देणार यू-२३५ (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) किंवा प्लुटोनियम. न्यूट्रॉन गिळलेल्या थोरियमचं काही मिनिटांत प्रोटॅक्टिनियम होतं. पुढे मात्र धीर धरावा लागतो, कारण त्याचं अर्धायुष्य २७ दिवसांचं, म्हणजे त्यातलं निम्मं बदलायलाच तेवढे दिवस लागतात. त्यातून तयार होतं यू-२३३. खाणीत न सापडणारं, पण विखंडन होणारं, म्हणजे अणू फुटून ऊर्जा आणि नवे न्यूट्रॉन देणारं युरेनियम.

त्याचं एवढं कौतुक का? भट्टीतल्या मंद न्यूट्रॉनपैकी एक शोषला, की यू-२३५ सरासरी २.१ हून थोडे कमी न्यूट्रॉन परत देतं, यू-२३३ देतं सुमारे २.३. फरक किरकोळ वाटेल. पण हिशेब करा: एक न्यूट्रॉन साखळी चालू ठेवायला, दुसरा नव्या थोरियमचं इंधन करायला. गळती, वाया जाणं हे सगळं उरलेल्या चिल्लरमध्ये भागवायचं. ०.३ मध्ये ते कसंबसं जमतं, ०.०७ मध्ये नाही.

गोम वेगळीच आहे. यू-२३३ बनताना सोबत थोडं यू-२३२ येतंच, आणि त्याच्या वंशावळीत थॅलियम-२०८ जन्मतं. त्याचे गॅमा किरण इतके तीव्र, की हे इंधन हातमोजे घालून हाताळण्याची सोय नाही. जाड भिंतीआडून, यंत्रांच्या हातांनीच काम. माझ्या मते थोरियमच्या वीजघरांचा उशीर बराचसा इथेच साचलाय.

तरी एक छोटी भट्टी आहे. कल्पाक्कमची ‘कामिनी’, १९९६ पासून. यू-२३३ जेमतेम ६०० ग्रॅम, शक्ती ३० किलोवॉट, म्हणजे घरगुती पंधरा गिझरएवढी. ती वीज करत नाही. तिच्या न्यूट्रॉनने धातूच्या कवचाआतली छायाचित्रं काढतात. क्ष-किरणांना धातूआड न दिसणारी स्फोटक भुकटी न्यूट्रॉनला स्पष्ट दिसते, म्हणून अवकाशयानांसाठीचे स्फोटक सुटे भागही तिथे तपासून घेतात.