मचाणाची शिडी आणि हार्नेस: जागलीला जाणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

धान निसवू लागले आणि पुढे हरभरा घाट्यावर आला की जागलीचे, म्हणजे रात्री शेतात बसून पीक राखण्याचे, दिवस सुरू होतात, आणि त्याच दिवसांत आमच्या वर्कशॉपमध्ये एक प्रश्न रोज विचारला जातो: सोबतचा हार्नेस, म्हणजे पडणाऱ्याला झेलणारा अंगावरचा पट्टा, वगळला तर मचाणाची किंमत किती कमी होईल? आमचे उत्तर आजवर एकच राहिले आहे. हार्नेस आणि दोर यांच्याशिवाय आम्ही मचाण विकत नाही. यामागचे कारण काउंटरवर घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहोत.

चार मीटर उंचीवरून माणूस पडला तर एका सेकंदाच्या आत तो जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास असतो. रानडुक्कर, रोही किंवा चितळ यांच्यापासून पीक राखण्यासाठी आपण रात्री एकटे शिवारात असता, जवळचे घर लांब असते आणि हाक ऐकायला कोणी नसते, त्यामुळे एरवी काही आठवड्यांत बरे होणारे मोडलेले हाडही तेथे जिवावर बेतू शकते.

बहुतेक ग्राहक हार्नेस नेतात, पण तो अडकवतात वर पोहोचल्यावर. आमचा सर्वांत जास्त वेळ ही एक चूक समजावण्यात जातो. बैठकीवर स्थिर बसलेल्या माणसापेक्षा शिडी चढणारा, उतरणारा आणि विशेषतः शिडीवरून बैठकीवर पाय टाकणारा माणूस अधिक धोक्यात असतो, कारण त्या क्षणी एक पाय पायरीवर, दुसरा अधांतरी आणि शरीराचा भार मधेच कोठेतरी असतो. पहाटे उतरताना पायरी दवाने ओली असते, अंग आखडलेले असते आणि डोळ्यांत झोप असते. मागच्या हंगामात आमचे एक ग्राहक अशाच पहाटे वरून दुसऱ्या पायरीवरून घसरले आणि त्यांचे मनगट मोडले. त्यांचा हार्नेस मचाणाच्या खुंटीला नीट टांगलेला होता, कारण उतरण्यापूर्वी त्यांनी तो काढून ठेवला होता. ते सावध गृहस्थ आहेत. आम्हीच त्यांना चढण्या-उतरण्याची रीत पुरेशी स्पष्ट सांगितली नव्हती, याची खंत आम्हांला वाटते.

ही चूक टाळण्यासाठीच आम्ही प्रत्येक मचाणाबरोबर लांब दोर देतो. आमची माणसे मचाण उभारताना या दोराचे वरचे टोक बैठकीवर उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर खोडाला बांधतात आणि खालचे टोक बुंध्याशी बांधून ठेवतात. दोरावर बारीक दोरीची एक सरकती गाठ असते, तिला प्रुसिक गाठ म्हणतात. हाताने ढकलली की ती सरकते आणि भार पडला की दोराला घट्ट आवळून तेथेच थांबते. जमिनीवर उभे असतानाच हार्नेसची कडी या गाठीत अडकवावी, चढताना गाठ सतत डोक्याच्या पातळीच्या वर सरकवत जावी, आणि पहाटे पाय पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत कडी काढू नये. बसल्यावर हार्नेसची दोरी फार सैल राहणार नाही इतक्या उंचीवर गाठ ठेवावी, कारण दोरी जितकी सैल तितके शरीर अधिक खाली जाते आणि झटका अधिक बसतो. गाठीची बारीक दोरी तुटली तर हाताशी येईल ती दोरी वापरू नका. ती मुख्य दोरापेक्षा बारीक नसेल तर गाठ पकड घेत नाही. नवी दोरी आमच्याकडे बांधून मिळते.

कमरेला दोर बांधला तर चालणार नाही का, असेही विचारले जाते. चालणार नाही. पडताना सगळा भार पोटावर येतो, दोर बरगड्यांकडे सरकून श्वास कोंडतो, किंवा माणूस उलटा होतो. खांदे, छाती आणि मांड्या यांवर भार वाटून घेणारा पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा. त्यात लटकून राहणेही बिनधोक नसते, कारण मांडीच्या पट्ट्यांनी रक्त पायांतच अडते आणि काही मिनिटांत भोवळ येऊ शकते. म्हणून आम्ही पाय ठेवण्यासाठी एक फास जोडून देतो. त्यात पाय रोवून आळीपाळीने भार बदलत राहावे. मोबाईल पिशवीत न ठेवता छातीच्या खिशात ठेवावा.

अमेरिकेत परवाना घेऊन हरणांची शिकार करणारे लोक झाडाला टेकवलेल्या अशाच शिड्या आणि बैठका वापरतात, आणि तेथेही बैठकीबरोबर पूर्ण अंगाचा हार्नेस देण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीस मनाई आहे. आम्ही मचाण केवळ राखणीसाठी आणि निरीक्षणासाठी बनवतो, अन्य हेतूने आलेल्यास परत पाठवतो. वैशाख पौर्णिमेला वनविभागाच्या पाणवठ्यांवरील मचाणांवर रात्र काढणाऱ्या निसर्गप्रेमींना हार्नेस भाड्यानेही मिळतो.

झाड निवडताना सालई, शेवगा, पांगारा आणि जांभूळ टाळावे, कारण त्यांच्या फांद्या अचानक मोडतात. सरळ, जिवंत खोडाचा ऐन, धावडा किंवा मोह चांगला. वर आग्या मोहोळ नाही ना, हे दिवसाउजेडी पाहावे. बॅटरी, काठी, डबा हातात घेऊन चढू नये. वर बसल्यावर वेगळ्या दोरीने ओढून घ्यावे.

हार्नेस खराब होतो तो बहुधा वापराने नव्हे, ठेवण्याने. कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या मशीनच्या बॅटरीशेजारी तो ठेवला की आम्लाचे थेंब पट्ट्याचे धागे आतून खाऊन टाकतात आणि वरून पट्टा साबूत दिसतो. उन्हाने दोर कमकुवत होतो, उंदीर शिवण कुरतडतात. हंगाम संपताच दोर उतरवून हार्नेससह बंद डब्यात, सावलीत ठेवावा. मचाण झाडावरच ठेवायचे असेल तर खोडाभोवतीचे रॅचेट पट्टे (दांडा हलवून आवळायचे पट्टे) दरवर्षी सैल करून पुन्हा आवळावेत, कारण खोड जाडावते आणि पट्टा सालीत रुततो.

एकदा पडणे झेललेला हार्नेस पुन्हा वापरू नये आणि दुरुस्तही करू नये. त्याची झटका शोषणारी शिवण उसवलेली असते. असा हार्नेस आम्ही जमा करून घेतो, कापून टाकतो आणि नवा देताना किमतीत सवलत देतो. आमचे हार्नेस आयएस ३५२१ या भारतीय मानकाचे असतात, त्यामुळे बाजारातील साध्या पट्ट्याहून महाग पडतात. वापरलेला हार्नेस दुसऱ्या ग्राहकास विकणे आम्हांला मान्य नसल्याने विकलेला माल मात्र परत घेतला जात नाही.

मचाण नेताना प्रत्येक ग्राहकास वर्कशॉपमागच्या कडुलिंबावर गाठ सरकवत एकदा चढून उतरावे लागते, आणि त्यास साधारण अर्धा तास लागतो. घरातील जे जे जागलीस जाणार असतील त्या सर्वांना सोबत आणावे. येताना झाडाच्या बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजून आणावा आणि सर्वांत वजनदार माणसाचे वजन सांगावे, म्हणजे पट्ट्याचे माप त्याच फेरीत ठरेल.