खान्देशातील प्राथमिक संगणकशिक्षण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत पहिली ते चौथीच्या मुलांना संगणक हाताळायला, त्यावर लिहायला, चित्र काढायला आणि एखादे काम पायरीपायरीने मांडायला शिकवण्याचा शालेय उपक्रम. या इयत्तांत त्याला बहुधा कार्यानुभवाच्या तासात किंवा दुपारच्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या वेळात जागा मिळते.

सरकारी योजनांचा ओघ आधी मोठ्या मुलांकडे गेला. 1984-85 साली देशात ‘क्लास’ या संगणक-साक्षरतेच्या सरकारी प्रकल्पातून बीबीसी मायक्रो संगणक आले ते माध्यमिक शाळांत. 2004 ची माहिती-तंत्रज्ञान योजनाही माध्यमिकसाठीच होती. चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेला संगणक मिळाला तो लोकवर्गणीतून किंवा एखाद्या कार्यालयाने मोडीत काढलेला. राज्य सरकारच्या 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ निर्णयानंतर डिजिटल शाळांची लाट आली, 2017 मध्ये ‘दीक्षा’ हे शैक्षणिक साहित्याचे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आले आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड दिसू लागले. यातून वर्गात टीव्ही व प्रोजेक्टर पोहोचले, पण पडद्यावर कवितेचा व्हिडिओ पाहणे हे संगणकशिक्षण नव्हे. त्यात मुलाचा हात कशालाच लागत नाही.

हात लागला की पहिला गोंधळ शब्दांचा होतो. मॉनिटर म्हणजे वर्ग शांत ठेवणारा मुलगा, हे मुलांना आधीच पक्के ठाऊक असते. टेबलावरच्या पेटीलाही तेच नाव कसे, हा प्रश्न रास्तच आहे. माऊसचे उजवे बटण ‘जेवायच्या हाताकडचे’ म्हणून सांगितले की चटकन कळते. घरी अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला शाळेतली मराठी हीच मुळात नवी असते. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबारमध्ये सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. तिथे ‘निवडा’, ‘जतन करा’, ‘रद्द करा’ या पडद्यावरच्या आज्ञा मराठीत असल्या तरी परक्याच वाटतात. शिक्षक मग ‘आठे दाब’ (इथे दाब) म्हणून मोकळे होतात आणि काम पुढे सरकते.

कळफलकाची गोष्ट याहून मजेची आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी असल्याने ए ते झेड मुलांना येते, मात्र कळांवर मोठी लिपी आणि पडद्यावर उमटते ती छोटी. मराठी टंकायला रोमन अक्षरांतून जाणारी पद्धत मोठ्यांना सोयीची वाटते, लहानांना ती दुहेरी ओझे होते. त्यांच्यासाठी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळफलक-मांडणी बरी. 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने मान्य केलेल्या या मांडणीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकीवर. बाराखडी घोकलेल्या मुलाला ही घरे लवकर सापडतात. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी पाटीवर अक्षराच्या डावीकडे दिसते, इथे मात्र आधी क दाबायचा आणि मग वेलांटी, म्हणजे तोंडाने म्हणतो त्याच क्रमाने.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ‘केळी’ हा सरावाचा साहजिक शब्द: क, मात्रा, ळ, दुसरी वेलांटी. यातला ळ शिफ्ट धरून, ल च्याच कळीवर मिळतो. अडचण निराळीच आहे. अहिराणीत आणि लेवा बोलीत ळ चा य होतो, डोळा तिथे डोया असतो. मूल ‘केयी’ म्हणते आणि तसेच टंकते. ही चूक बोटांची नाही, कानांची आहे. लाल रेघ दाखवून ती दटावण्यापेक्षा दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून घेणारा शिक्षक जास्त शिकवून जातो.

बरेचसे शिक्षण यंत्राशिवायच होते, आणि व्हायलाही हवे. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून 1990 च्या दशकात संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचे खेळ पुढे आले. आपल्याकडे अंगणात चौकोन आखून एका मुलाने ‘दोन पावले पुढे, डावीकडे वळ’ अशा सूचना द्याव्यात आणि दुसऱ्याने त्या शब्दशः पाळाव्यात. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कशी करतात हे सांगताना कोणी पीठ मळायचेच विसरले की वर्ग हसतो. सूचनेतली एक पायरी गळली तर काय होते, ते तिथेच समजते.

संगणकावर चित्रांसाठी 2002 पासून उपलब्ध असलेले मोफत ‘टक्स पेंट’ जुन्या यंत्रावरही चालते. ‘स्क्रॅच’ (2007) आठ वर्षांपुढच्यांसाठी आहे, तर ‘स्क्रॅच ज्युनिअर’ (2014) पाच ते सात वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांसाठी; त्यात चित्रांचे ठोकळे जोडत जायचे असतात.

द्विशिक्षकी शाळेत एका यंत्राभोवती वीस मुले जमतात. माऊस ज्याच्या हाती त्याने बोलायचे नाही, शेजारचा सांगेल तसे करायचे, हा नियम तिथे भांडणे मिटवतो. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आणि साक्रीला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प असलेल्या प्रदेशात ‘लाइट गेली’ म्हणून तास मोडावा, ही विसंगती शिक्षक चेष्टेत घेतात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, शाळा सकाळची होते. यंत्रे तापण्याआधी पहिल्या तासातच काम उरकावे लागते. वेळेचे बंधन तसेही हवे. 2020 च्या केंद्रीय ‘प्रज्ञाता’ सूचनांत ऑनलाइन वर्गांसाठी पहिली ते आठवीला दिवसाला 45 मिनिटांपर्यंतची दोनच सत्रे सुचवली होती.

सातपुड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मुलेही जातात, आणि पुष्कळशी होळीला परततात. अशा शाळांत प्रत्येक मुलाच्या नावाचे वेगळे फोल्डर उपयोगी पडते. नाव मुलाने स्वतः टंकलेले असते. होळीनंतर ते उघडले की दिवाळीआधी अर्धे सोडलेले चित्र समोर येते: झोपडी झालेली असते, डोंगर रंगवायचा राहिलेला असतो.