जुन्या कारच्या इंजिनमधलं प्रदूषणरोधक सामान काढणं

जुन्या, म्हणजे मुख्यतः १९६० च्या दशकाच्या शेवटापासून १९८० च्या दशकापर्यंतच्या कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल गाड्यांच्या इंजिनवरून एअर पंप, ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा), चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा डबा), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले घातक वायू साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट) आणि त्यांना जोडणाऱ्या व्हॅक्युमच्या नळ्या काढून टाकायची जी पद्धत आहे तिची ही नोंद. अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांमध्ये हे सगळ्यात जास्त चालतं, कारण हे सामान सगळ्यात आधी तिथल्याच गाड्यांवर बसलं. काढण्यामागे कारणं दोनच असतात, ताकद वाढेल ही आशा आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारा नळ्यांचा गुंता नकोसा होणं. दुसरं कारण खरं तर जास्त प्रामाणिक आहे, पहिल्यात गैरसमज बराच आहे.

मुळात हे सामान आलं कसं ते बघू. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की लॉस एंजेलिसवर साचणारा धुरका म्हणजे स्मॉग हा गाड्यांमधून वगैरे निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडून तयार होतो. मग आधी कॅलिफोर्नियात आणि मागून अख्ख्या अमेरिकेत एकेक भाग इंजिनावर चढत गेला. पीसीव्ही व्हॉल्व्ह (ऑइलच्या चेंबरमधला वायू परत इंजिनात ओढणारा) १९६१ च्या मॉडेलांपासून, एअर पंप १९६६ पासून, टाकीची वाफ पकडणारा कॅनिस्टर १९७० पासून, पाठोपाठ ईजीआर आणि १९७५ ला कॅट. १९७० चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला आणि कंपन्यांकडे वेळच उरला नाही, म्हणून इंजिन नव्याने डिझाइन करण्यापेक्षा जुन्याच इंजिनाला वरून सामान लटकवलं गेलं, आणि ते तसं लटकवलेलं दिसतंही.

आता ताकदीचा मुद्दा. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन १९७० ला ४०० हॉर्सपॉवरचं होतं, १९७६ ला तेच १९० चं झालं, आणि हे आकडे शेजारी ठेवून लोक दोष देतात पंपाला आणि कॅटला. पण १९७२ च्या आसपास मोजायची पद्धतच बदलली, आधी नुसतं इंजिन स्टँडवर ठेवून ग्रॉस आकडा द्यायचे, मग फॅन, अल्टरनेटर, सायलेन्सर सगळं लावून नेट आकडा द्यायला लागले, त्यामुळे घसरणीचा मोठा भाग निव्वळ कागदावरचा आहे. उरलेल्यातलं बरंचसं कम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते, कमी झाल्यामुळे गेलं. जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलांत बहुतेक सगळ्या इंजिनांचं कम्प्रेशन उतरवलं, कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून. त्यात उशिरा केलेलं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), पातळ मिश्रणाचे जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) आणि मवाळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा). यातलं काहीच पाना घेऊन नळ्या उपटल्याने परत येत नाही.

एकेका भागाचं वेगळं आहे. एअर पंप बेल्टवर फिरतो आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा ढकलतो म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथेच जळतं, सिलेंडरमध्ये तो काहीच ढवळाढवळ करत नाही. तो खातो ती ताकद किरकोळ, काढला तर वजन आणि आवाज कमी होतो एवढंच, फक्त मॅनिफोल्डची भोकं नीट प्लगने बंद करावी लागतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके फुटत असतील तर बऱ्याचदा बिघाड पंपात नसतोच, पंपाची हवा अशा वेळी दुसरीकडे वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हमध्ये असतो, तो बदलला की भागतं.

ईजीआरबद्दल सगळ्यात जास्त चुकीचं बोललं जातं. जळालेला थोडा वायू परत आत सोडून तो ज्वलनाचं तापमान खाली ठेवतो, कारण साधारण १४०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की नायट्रोजनची ऑक्साइडं भराभर बनतात. हा व्हॉल्व्ह चालतो कार्ब्युरेटरच्या व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, आणि पाय पूर्ण दाबला की व्हॅक्युम जवळपास शून्य, म्हणजे व्हॉल्व्ह बंद. जिथे ताकद मोजतात तिथे तो कामावरच नसतो! उलट मध्यम वेगाला ईजीआर चालू असणार हे धरून कंपनीने टायमिंग पुढे ठेवलेलं असतं, त्यामुळे नुसती पट्टी मारून तो बंद केला आणि टायमिंगला हात लावला नाही तर चढावर इंजिन खटखट करायला लागतं, आणि ते दुर्लक्षित राहिलं तर पिस्टनपर्यंत जातं. हा व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला तर मात्र आयडलिंगला गाडी थरथरते आणि बंद पडते, त्यावरून सगळ्या ईजीआरची बदनामी झालीय.

पीसीव्ही काढू नये, यावर एरवी सगळं काढणारे लोकही एकमत आहेत. पिस्टन रिंगांच्या बाजूने गळणारा वायू तो ऑइलच्या चेंबरमधून ओढून परत इंजिनात जाळतो. तो नसेल तर ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साचतं, चिखल होतो, दाब वाढून सीलमधून ऑइल गळतं. शिवाय त्यातून येणारी हवा कार्ब्युरेटरच्या हिशोबात धरलेली असते, त्यामुळे आयडलिंगही बिघडतं.

कॅनिस्टर तर बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. टाकीची आणि कार्ब्युरेटरची वाफ कोळशात धरून ठेवतो, इंजिन चालू झालं की सोडतो. काढला की गॅरेजभर पेट्रोलचा वास आणि आगीची भीती. एअर फिल्टरला येणारी गरम हवेची नळी आणि हीट रायझर (एक्झॉस्टची उष्णता कार्ब्युरेटरच्या खाली वळवणारा व्हॉल्व्ह) यांचंही तेच, ते काढले तर थंड हवेत गाडी अडखळते, दमट थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फही धरतो.

कॅटचं प्रकरण जरा वेगळं. सुरुवातीचे गोळ्या भरलेले कॅट खरोखर एक्झॉस्ट अडवायचे, त्यामुळे तिथे तक्रार रास्त आहे. पण नंतरचे जाळीदार कॅट फारसे अडवत नाहीत, म्हणून जुना काढून तसा नवा बसवला तर ताकदही मिळते आणि धूरही आटोक्यात राहतो. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे होंडाने त्याच काळात सीव्हीसीसी नावाचं वेगळ्या रचनेचं इंजिन काढून १९७५ ची प्रदूषणाची मर्यादा कॅटशिवाय पार केली, म्हणजे दोष नियमांपेक्षा घाईतल्या उपायांचा जास्त.

१९८० नंतरच्या कॉम्प्युटर-नियंत्रित कार्ब्युरेटरमध्ये हे काम फार किचकट होतं, कारण ऑक्सिजन सेन्सर काढला की कॉम्प्युटर आंधळा होतो आणि मिश्रण भलतीकडेच जातं. तिथे अर्धं काढून चालत नाही, काढायचं तर कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर (सिलेंडरांना ठिणगी वाटणारा भाग) यांच्यासकट सगळी जोडणी बदलावी लागते.

पिकअप हवा असेल त्यांनी आधी फुटलेल्या व्हॅक्युम नळ्या बदलाव्यात, मग डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) आणि जेट तपासावेत. बरीच सुस्ती नळ्यांच्या गळतीचीच असते, बॉनेटखालच्या स्टिकरवर त्यांचा नकाशा छापलेला असतो, तो कुणी बघत नाही.

कायद्याचं बोलायचं तर अमेरिकेत ही छेडछाड बेकायदा आहे, आधी बंदी कंपन्या आणि डीलरना होती, १९७७ ला गॅरेजवाल्यांना लागली, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर खुद्द गाडीमालकालाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलांना स्मॉग चाचणीतून सूट आहे, पण चाचणी नाही म्हणजे सामान काढायची परवानगी असा अर्थ होत नाही. जिथे चाचणी होते तिथे धूर मोजण्याबरोबर भाग जागेवर आहेत का हेही बघतात. आणि गाडी मूळ रूपात हवी असणारे खरेदीदार हेच भाग शोधत फिरतात, त्यामुळे काढलेला पंप, ब्रॅकेट आणि नळ्या चिठ्ठ्या लावून खोक्यात ठेवायची सवय जुन्या मालकांना असते.