दोन टोनआर्म की दोन टर्नटेबल?

बेळगावच्या शहापूर भागातल्या माझ्या एका स्नेह्यांना आजोबांच्या जुन्या ट्रंकेत तबकड्यांचे दोन गठ्ठे सापडले. एकात मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या, नाट्यपदांच्या तबकड्या होत्या आणि दुसऱ्यात शास्त्रीय गायनाच्या एलपी, म्हणजे हळू फिरणाऱ्या, बारीक खाचेच्या तबकड्या. घरात एलपी वाजवणारे एक टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारे यंत्र, होतेच. त्यावर दुसरा टोनआर्म (सुई धरून तबकडीवर फिरणारा दांडा) बसवून घ्यावा की दुसरे टर्नटेबलच घ्यावे, असे त्यांनी मला विचारले. बोलता बोलता लक्षात आले की, सुई बदलली की कोणत्याही आर्मवर कोणतीही तबकडी नीट वाजते, असाच त्यांचा समज होता. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे अशा कितीतरी ट्रंका अजून माळ्यावर असतील, म्हणून हा समज जरा तपासून पाहू.

78 च्या तबकडीची गोष्ट सोपी आहे. तिची खाच रुंद असते आणि तिला सुमारे 65 ते 75 मायक्रोमीटर त्रिज्येचे टोक लागते, तर स्टिरिओ एलपीच्या साध्या गोल सुईचे टोक सुमारे 18 मायक्रोमीटरचे असते. ही बारीक सुई जुन्या खाचेच्या भिंतींना टेकत नाही. ती तळाशी जाऊन तिथली धूळ आणि ओरखडेच वाजवते. शिवाय आजच्या अनेक टर्नटेबलांवर 78 ची गतीच नसते.

खरी गंमत एलपीच्या बाजूला आहे. कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाला बसणारी, सुईची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारी छोटी डबी. तिच्यात सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते आणि ती दांडी रबराच्या आधारावर तोललेली असते. म्हणजे कार्ट्रिज ही एक स्प्रिंग झाली आणि तिच्यावर तोललेला टोनआर्म हे वजन झाले. एका लांब रबराला कुलूप बांधून ते हातात लोंबते धरा. हात अगदी सावकाश वर-खाली केला तर कुलूप हाताबरोबर जाते, फार भरभर हलवला तर कुलूप जागच्या जागी राहते, आणि मधल्या एका ठरावीक वेगाला ते हातापेक्षा कितीतरी जास्त उड्या मारू लागते. हेच संस्पंदन. टोनआर्मने तबकडीच्या वाकडेपणाबरोबर हलावे, पण संगीताच्या कंपनांना मात्र स्थिर राहावे, अशी आपली अपेक्षा असते. एलपी सेकंदाला साधारण 0.56 फेऱ्या घेते आणि उन्हाने पापडासारखी कड उचललेल्या तबकडीचे हेलकावे साधारणपणे 5-6 हर्ट्झच्या आत असतात. ऐकू येणारे संगीत 20 हर्ट्झच्या पुढे सुरू होते. म्हणून संस्पंदन या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत, 8 ते 12 हर्ट्झमध्ये, पडावे लागते.

ते कुठे पडेल हे आधी काढता येते. आर्मचे प्रभावी वस्तुमान (सुईच्या टोकाशी जाणवणारा आर्मचा जडपणा) आणि कार्ट्रिजचे वजन ग्रॅममध्ये घेऊन त्यांची बेरीज करावी, तिला कार्ट्रिजच्या लवचीकतेने गुणावे (1 मिलिन्यूटन बलाला सुई किती मायक्रोमीटर सरकते, तो आकडा), गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि 159 ला त्याने भागावे. आमच्या स्नेह्यांचा आर्म जड, 25 ग्रॅमचा, आणि कार्ट्रिज 7 ग्रॅमची व मऊ, 20 लवचीकतेची. उत्तर येते 6.3 हर्ट्झ, म्हणजे नेमके वाकड्या तबकडीच्या हेलकाव्यांच्या हद्दीवर.

एवढ्या खालच्या कंपनाची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. काळी एक पट्टीतल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तारसुद्धा सुमारे 69 हर्ट्झवर बोलते, हे खरे आहे. पण आर्म डोलू लागला की सुई खाचेत किंचित मागेपुढे सरकते, खाच तिच्याखालून क्षणभर वेगाने आणि क्षणभर हळू जाते, आणि स्थिर स्वर लहरू लागतो. गायकाच्या मिंडेत हे लपून जाते, परंतु तानपुऱ्यात कधीच लपत नाही. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, गायकाने षड्ज लावण्यापूर्वीचे काही क्षण कान देऊन ऐकावेत. त्याच वेळी स्पीकरमधल्या वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, पडदा ऐकू येणाऱ्या सुराशी मेळ नसताना सावकाश आत-बाहेर हलत असेल, तर दोष आर्म-कार्ट्रिजच्या जोडीत आहे, असे समजावे. केबल जमिनीपासून उचलून धरणारे महागडे ठोकळे विकणारे लोक आवाज सुधारण्याचे आश्वासन देतात. पण या ठोकळ्यांचा आर्मच्या डोलण्याशी काडीचाही संबंध नाही.

दुसरा आर्म तेव्हाच अर्थपूर्ण ठरतो, जेव्हा एक मऊ आणि एक कडक अशा दोन्ही कार्ट्रिज खरोखर वापरायच्या असतात. कारण मऊ कार्ट्रिजला हलका आर्म लागतो आणि कडक कार्ट्रिजला जड. मात्र मधल्या खुंट्यापासून आर्मच्या आसापर्यंतचे अंतर अगदी अचूक असावे लागते, एका मिलिमीटरची चूकही सुईचा कोन बिघडवते. स्प्रिंगवर तरंगणाऱ्या टर्नटेबलावर जादा आर्मचे वजन तोलच घालवते, तिथे हा विचार करू नये.

स्नेह्यांना मी दुसरा आर्म घेऊ दिला नाही. त्याच जड आर्मवर आम्ही 10 ग्रॅमची, 8 लवचीकतेची कडक कार्ट्रिज बसवली, म्हणजे संस्पंदन 9.5 हर्ट्झवर गेले, आणि वाचलेल्या पैशांत नाट्यपदांसाठी 78 ची गती असलेले वेगळे टर्नटेबल आणि जाड सुई आली. त्यांच्याकडची कड उचललेली एक एलपी परवा लावली, तेव्हा वूफरचा पडदा जवळजवळ स्थिर होता.